तबकडीचा षड्ज

माझ्या आजोळी, मिरजेला, चावी द्यायचा एक फोनो होता. वाडा विकला गेला तेव्हा वाटणीत तो फोनो आणि २२ तबकड्या आईकडे आल्या आणि आमच्या माळ्यावर गेल्या. पुढची ४० वर्षे त्यांना कोणी हात लावला नाही. मी एका रासायनिक कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात ३१ वर्षे नोकरी केली. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात माळा आवरायला काढला आणि तबकड्या खाली आल्या. तीन फुटलेल्या, १९ शाबूत.

त्यांतल्या एका तबकडीवर एका गाजलेल्या नटाने गायलेले नाट्यपद आहे. आईचे ते लाडके. लहानपणी वाड्याच्या सोप्यावर बसून तिने ते इतक्या वेळा ऐकले होते, की तान कुठे सुरू होते आणि पिन कुठे खरखरते हे दोन्ही तिला पाठ होते. आई आता ८७ वर्षांची आहे. डोळे अधू झाले आहेत, कान शाबूत आहेत. ते पद तिला पुन्हा ऐकवायचे आणि सगळ्या तबकड्यांच्या डिजिटल प्रती करून ठेवायच्या, असे मी ठरवले.

जुन्या फोनोवर त्या वाजवायच्या नव्हत्या. पोलादी पिन आणि तिच्यावरचा जड साउंडबॉक्स प्रत्येक वेळी खोबणी थोडी थोडी झिजवतो. त्याऐवजी हलक्या सुईचा आधुनिक पिकअप वापरायचा होता. पण आज मिळणारे बहुतेक रेकॉर्ड प्लेयर मिनिटाला ३३⅓ किंवा ४५ फेरे घेतात; माझ्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या जमान्यातल्या. तेव्हा एका बंद पडलेल्या प्लेयरची जड अॅल्युमिनियमची थाळी, एक छोटी डीसी मोटर, रबरी पट्टा आणि तळहातावर मावेल असा मायक्रोकंट्रोलर एवढे जमवून मी यंत्र जुळवायला बसलो. कारखान्यात तापमान, दाब आणि प्रवाह ठरल्या जागी ठेवण्यातच माझा जन्म गेला होता. एक थाळी एका वेगाने फिरवायची, याला आठवडा पुरेल असे वाटले होते. पाच महिने लागले.

वेग म्हणजेच स्वर

७८ फेऱ्यांची तबकडी एक फेरा पाऊण सेकंदाहून किंचित जास्त वेळात पुरा करते. खोबणीतली नागमोड सुईखालून जितक्या वेगाने सरकेल तितका स्वर उंच. वेग १ टक्का वाढला तर प्रत्येक स्वराची कंपनसंख्या १ टक्का वाढते आणि लयही तेवढीच चढते. वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला, तर गाणे अख्ख्या अर्धस्वराने सरकते.

आपल्या संगीताच्या भाषेत हे आणखी नेमके सांगता येते. २२ श्रुतींच्या एका प्रचलित गणितात सर्वांत लहान श्रुत्यंतर ८१ : ८० या गुणोत्तराचे, म्हणजे १.२५ टक्क्यांचे मानतात. ७८ आणि ७९ फेऱ्यांतला फरक १.२८ टक्के आहे. म्हणजे मिनिटाला एक फेरा जास्त झाला, की स्वर जवळपास एक श्रुती चढतो.

पण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. संपूर्ण तबकडी ७९ च्या वेगाने वाजली, तर षड्जापासून निषादापर्यंत सगळेच स्वर सारखे चढतात. त्यांच्यातली अंतरे तीच राहतात आणि राग मोडत नाही. मात्र गायक गंधारावर ठेहराव घेत असताना वेग ७८ वरून ७९ वर आणि परत ७८ वर आला, तर तो गंधारच डळमळतो. सेकंदाला चारेक वेळा होणारी अशी हालचाल आपल्या कानाला फार चटकन कळते. पंचाईत अशी, की माणसाच्या गळ्यातले कंपनही सेकंदाला पाच-सहा वेळांच्या आसपास असते. डळमळणाऱ्या यंत्रावर ऐकताना हे कंपन गायकाचे की मोटरचे, हे सांगणे अवघड होऊन बसते.

तेव्हा वेग योग्य असणे ही एक गोष्ट आणि स्थिर असणे ही दुसरी. सुरुवातीला मला या दोन्ही एकच वाटत होत्या.

तीन वजने आणि चामड्याचा तुकडा

आजोबांच्या फोनोत वीज नव्हती, तरी वेगाचे नियंत्रण होते. थाळीखालचा पत्रा काढला की एक बारीक दांडी दिसते. ती थाळीपेक्षा कितीतरी जलद फिरते. तिच्याभोवती तीन चपट्या स्प्रिंगांवर तीन छोटी वजने बसवलेली असतात. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात, स्प्रिंगा वाकतात आणि त्यांना जोडलेली एक चकती दांडीवरून सरकून चामड्याच्या तुकड्यावर घासते. घर्षणाने वेग उतरतो. वेग उतरला की वजने आत येतात, चकती सुटते. बाहेरचा ‘स्लो-फास्ट’ असा खटका त्या चामड्याच्या तुकड्याला पुढेमागे करतो, बाकी काही नाही.

या रचनेला गव्हर्नर म्हणतात. सुकाणू धरणारा अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून लॅटिनमार्गे तो शब्द आला आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, त्याचाच फोनोतला हा धाकटा भाऊ. फीडबॅकचे तत्त्व दोन्हीकडे एकच: परिणाम काय झाला याची खबर मागे कारणाकडे न्यायची आणि त्यानुसार कारण बदलायचे.

पण खबर मागे नेल्याने काम सुधारतेच असे नाही, हे ग्रिनिचच्या वेधशाळेतल्या जॉर्ज एअरीने पाहिले. दुर्बीण ताऱ्याच्या गतीने सावकाश वळत राहावी म्हणून तिच्या यंत्रणेला गव्हर्नर जोडला होता. काही वेळा वेग स्थिर होण्याऐवजी झोके घेऊ लागे आणि झोके इतके वाढत, की यंत्र बेफाम होई. एअरीने १८४० मध्ये त्यावर लिहिले. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने गव्हर्नरांवर एक निबंध प्रसिद्ध केला. फिरणारे यंत्र किंचित विचलित झाले, तर पुढे चारच शक्यता असतात, असे त्याने मांडले: विचलन वाढत जाईल, विरत जाईल, झोके घेत वाढेल किंवा झोके घेत विरेल. यंत्राच्या समीकरणावरून यांतले काय घडणार हे आधीच सांगता येते.

त्याच निबंधात मॅक्सवेलने एक भेद केला आहे. वेगातल्या फरकाच्या प्रमाणात फक्त विरोध करणाऱ्या यंत्रणेला तो ‘मॉडरेटर’ म्हणतो. फरक पूर्ण नाहीसा होईपर्यंत दुरुस्ती चालू ठेवणारी यंत्रणा हीच त्याच्या मते खरी ‘गव्हर्नर’. या हिशेबाने आजोबांच्या फोनोतला गव्हर्नर हा नुसता मॉडरेटर ठरतो. स्प्रिंग सैल होत गेली, की त्याचा वेग थोडा तरी उतरणारच.

चुकीवर जगणारा नियंत्रक

माझी मोटर अशी होती, की तिला एक व्होल्ट दिला की थाळी मिनिटाला १५ फेरे घेई. म्हणजे ७८ फेऱ्यांना ५.२ व्होल्ट. तेवढे द्यावेत आणि मोकळे व्हावे, असे कोणालाही वाटेल. मीही प्रथम तेच केले. सकाळी ७८ भरलेला वेग दुपारी ७९ भरला, कारण बेअरिंगमधले तेल उन्हाने पातळ झाले होते. तबकडी पुसायला ब्रश टेकवला की ७६. वेगाकडे न बघता दिलेला हुकूम असाच असतो. परिस्थिती बदलली की तो चुकतो आणि चुकल्याचे त्याला कळतही नाही.

म्हणून वेग मोजायचा, ७८ मधून वजा करायचा, उरेल ती चूक आणि चुकीच्या प्रमाणात मोटरला व्होल्ट द्यायचे. याला प्रमाणी नियंत्रण म्हणू. समजा, एका फेऱ्याच्या चुकीला एक व्होल्ट असे प्रमाण धरले. थाळी कुठे स्थिरावेल? ७८ वर नाही. तिथे चूक शून्य, म्हणून व्होल्टही शून्य आणि थाळी मंदावणार. हिशेब केला तर ती ७३.१ वर थांबते. तिथे ४.९ फेऱ्यांची चूक शिल्लक असते, तिच्यातून ४.९ व्होल्ट मिळतात आणि तेवढ्यावर थाळी ७३.१ नेच फिरते. प्रमाण दुप्पट केले तर ७५.५, दसपट केले तर ७७.५. चूक कमी होते, संपत नाही. हा नियंत्रक चुकीवरच जगतो, त्यामुळे ती पुरती मिटवणे त्याला परवडत नाही. मॅक्सवेलचा मॉडरेटर तो हाच.

मग प्रमाण शंभरपट का करू नये?

शिळी खबर

पहिल्या जुळणीत मी थाळीखाली एक लोहचुंबक चिकटवला होता आणि शेजारी एक संवेदक. चुंबक समोरून गेला की एक खूण. दोन खुणांमधल्या वेळावरून वेग. म्हणजे नियंत्रकाला वेगाची खबर पाऊण सेकंदातून एकदा मिळे आणि तीही गेल्या पाऊण सेकंदाच्या सरासरीची. प्रमाण जरा वाढवले की थाळी झोके घेऊ लागे: ७२, ८३, ७१, ८४. चार सेकंदांत एक झोका. कारखान्यात याला आम्ही ‘हंटिंग’ म्हणत असू. लूप काहीतरी शोधत फिरतो आहे असे दिसते म्हणून.

गच्चीवरच्या सोलरचे पाणी न्हाणीघरात येईपर्यंत वेळ लागतो. पाणी गार वाटले म्हणून आपण नळ आणखी सोडतो, थोड्या वेळाने चटका बसतो, घाईने नळ बंद करतो आणि पुन्हा गारठतो. नळ सोडणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तो मघाच्या पाण्याला आत्ता उत्तर देत असतो, एवढेच. खबर जितकी शिळी, तितकी तिच्यावर द्यायची प्रतिक्रिया सौम्य ठेवावी लागते. शंभरपट प्रमाण तिथेच निकालात निघते.

उपाय म्हणजे ताजी खबर. थाळीच्या कडेखाली १८० काळ्या रेघा छापलेले कागदी कडे चिकटवले आणि प्रकाश टाकून त्या मोजल्या. ७८ फेऱ्यांना सेकंदाला २३४ रेघा. झोके गेले. मात्र ऐकताना सूर अजूनही प्रत्येक फेऱ्याला एकदा हलका लाटेवर जात होता आणि आकडे पाहावेत तर वेग अगदी स्थिर! दोन आठवडे मी पट्टा, बेअरिंग आणि मोटर यांच्यामागे लागलो. दोष कागदात होता. १४० मिलिमीटर त्रिज्येचे ते कडे मध्यापासून ०.७ मिलिमीटर सरकून चिकटले होते. त्यामुळे थाळी एका वेगाने फिरत असली, तरी रेघा अर्ध्या फेऱ्यात अर्धा टक्का जलद आणि उरलेल्या अर्ध्यात अर्धा टक्का सावकाश जाताना दिसत. नियंत्रक बिचारा ही भासमान चूक इमानाने दुरुस्त करी आणि चांगल्या फिरणाऱ्या थाळीत खरी लाट उत्पन्न करी. पडद्यावर मात्र त्याचे आकडे निर्दोष दिसत, कारण ते त्याच चुकीच्या पट्टीने मोजलेले होते.

शेवटी समोरासमोर दोन संवेदक बसवून त्यांची सरासरी घेतली. एकाला रेघा जलद दिसतात तेव्हा दुसऱ्याला त्या तेवढ्याच सावकाश दिसतात आणि भास कटतो. एवढे करूनही एक गोष्ट नियंत्रकाच्या हाताबाहेर राहते. तबकडीचे मधले भोकच अर्धा मिलिमीटर बाजूला पडलेले असेल, तर थाळी कितीही स्थिर फिरो, सूर हलतोच. थाळी आणि गाणे यांत सुईएवढे अंतर आहे आणि त्या अंतरात काय चालले आहे हे नियंत्रकाला कळत नाही.

थकबाकीची वही

आता शिल्लक चुकीचा प्रश्न. त्यासाठी नियंत्रकाला वही द्यावी लागते. प्रत्येक क्षणाची चूक वहीत मांडत जायची. वेग कमी पडला तर जमा, जास्त झाला तर वजा. वहीतल्या शिल्लकेच्या प्रमाणात मोटरला व्होल्ट द्यायचे. वेग ७८ च्या खाली आहे तोवर शिल्लक वाढत राहते, व्होल्ट वाढत राहतात. वेग ७८ वर आला की चूक शून्य होते, शिल्लक तिथेच थांबते आणि तीच ५.२ व्होल्ट देत राहते. दुपारी तेल पातळ झाले तर वही आपोआप ५.१ वर येते. आत्ताची चूक नाही म्हणून आधीच्या चुका विसरायच्या नाहीत, हे तिचे काम. गणितात याला समाकलन म्हणतात. मॅक्सवेलचा खरा गव्हर्नर इथे भेटतो.

वहीचा एक दुर्गुण आहे. थाळी थांबलेली असताना बटण दाबले, की वेग यायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात वहीत डोंगराएवढी थकबाकी साठते. वेग ७८ ला पोचला तरी वही म्हणते, अजून देणे बाकी आहे. थाळी ९० पर्यंत धावे आणि मग कुरकुरत खाली येई. यावर तोडगा असा, की मोटर आपल्या पूर्ण ताकदीने चाललेली असताना वही मिटून ठेवायची. जे देणे फेडणे मोटरला शक्यच नाही, ते तिच्या नावावर मांडत बसण्यात अर्थ नसतो.

तिसरा घटक बदलाच्या वेगाचा. निकोलस मिनॉर्स्कीने १९२२ मध्ये जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूवर लिहिताना अनुभवी सुकाण्याचे वागणे समोर ठेवले होते. जहाज दिशेपासून किती ढळले एवढेच तो पाहत नाही. ते किती वेगाने ढळते आहे हेही पाहतो आणि दिशा सापडण्याच्या आधीच सुकाणू उलटे फिरवू लागतो. आत्ताची चूक, साठलेली चूक आणि चुकीचा कल या तिन्हींवर चालणारा नियंत्रक आज जगभरच्या कारखान्यांत आहे. माझ्या यंत्रात मात्र तिसरा घटक मी शून्यावर ठेवला. छापील रेघांच्या कडा खडबडीत होत्या. त्या खडबडीतूनही त्याला कल दिसे आणि मोटर थरथरे.

नियंत्रक लावणे

तंबोरा आपण ‘लावतो’. त्याच अर्थाने नियंत्रकही लावावा लागतो. त्याची पद्धत जॉन झीग्लर आणि नॅथॅनियल निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिली आणि मी नोकरीत ती शेकडो वेळा वापरली. वही बंद ठेवायची. प्रमाण हळूहळू वाढवत न्यायचे. एका ठिकाणी वेगाचे झोके ना वाढतात ना विरतात, एकसारखे चालू राहतात. ती जागा टिपून घ्यायची. माझ्या यंत्रात ते प्रमाण फेऱ्याला २ व्होल्ट आले आणि झोका १.२ सेकंदांचा. नियमाप्रमाणे प्रमाण त्याच्या ०.४५ पट, म्हणजे ०.९ ठेवायचे आणि वहीची मुदत झोक्याच्या कालावधीला १.२ ने भागून, म्हणजे १ सेकंद.

ठेवले. थाळीला बोट लावून सोडले, तर ती सावरे, पण दोन-तीन झोके घेऊन. प्रत्येक झोका आधीच्याच्या चौथाई. कारखान्यात असा लूप आम्ही उत्तम समजत असू, कारण तिथे लवकर सावरण्याला किंमत असते. तबकडीवर ते ऐकवेना. सुईला खोबणीत कचरा लागला, की पुढच्या दोन-तीन सेकंदांत स्वराला हेलकावे बसत.

मग मी माझ्या पेशाच्या सवयीविरुद्ध गेलो. प्रमाण निम्म्याहून खाली आणले, वहीची मुदत चौपट केली. आता थाळी धक्क्यातून सावकाश सावरे, पण झोका न घेता. जलद बारीक धक्के सोसायला थाळीचे स्वतःचे वजन पुरेसे होते. तेलाचे तापमान, पट्ट्याचा सैलपणा असे जे सावकाश बदलते, तेवढेच नियंत्रकाने सांभाळायचे. चांगला लावलेला नियंत्रक बहुतेक वेळ काहीच करत नसतो, हे ३१ वर्षांच्या नोकरीत मला कळले नव्हते.

तपासणीसाठी जुनी रीत वापरली. ७७ काळ्या रेघांची कागदी चकती थाळीवर ठेवायची आणि विजेच्या निऑन दिव्यात पाहायची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मिनिटाला ६,००० लुकलुकी भागिले ७७ रेघा म्हणजे ७७.९२ फेरे. नेमक्या त्या वेगाला रेघा जागीच थबकल्यासारख्या दिसतात. वेग बरोबर ७८ असेल तर त्या मिनिटाला सहा या गतीने पुढे सरकतात. माझ्या रेघा सरकत होत्या, पण कधी पाच, कधी नऊ. मी पुन्हा रेघा, पट्टा तपासू लागणार तेवढ्यात लक्षात आले, की विजेचे ५० हर्ट्झ हेही कुणीतरी सांभाळलेलेच आहेत. पोफळीच्या भूमिगत वीजघरातल्या कोयनेच्या टर्बाइनांपासून देशभरच्या जनित्रांवर गव्हर्नर आहेत आणि भार बदलेल तसा तो आकडाही थोडा खालीवर होतो. माझ्या यंत्रातला क्वार्ट्झचा स्फटिक त्याहून पक्का होता. मी ज्या पट्टीने थाळी तपासत होतो, तीच पट्टी डुलत होती.

कोणता वेग?

मार्गशीर्षात एका संध्याकाळी आईला खुर्चीत बसवले आणि तिचे पद लावले. थाळी ७८ वर, इकडचा फरक एक दशांश टक्क्याच्या आत. पद संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “आवाज त्यांचाच आहे रे. पण हे तरुण वाटतायत. घाईत आहेत.”

मी तिला क्वार्ट्झ, रेघा, दशांश टक्का सगळे समजावून सांगितले. ती म्हणाली, “असेल. पण असं नव्हतं.”

पाच महिने मी वेग स्थिर ठेवायला झटलो होतो. ७८ हा आकडा मात्र मी कुणालाही न विचारता यंत्रात भरला होता. सेट पॉइंट बाहेरून द्यायचा असतो. नियंत्रक त्याविषयी प्रश्न विचारत नाही. ७८ सांगा, ७८ राखील, ८८ सांगा, तेही तेवढ्याच निष्ठेने राखील. आणि ७८ हा आकडा वाटतो तितका पवित्र नाही. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण केले, त्या काळात मुद्रणाचा वेग सर्वत्र एकच नव्हता. सत्तरीपासून ऐंशीच्या थोडे वरपर्यंत तो कुठेही असे. काही तबकड्यांच्या लेबलांवर ‘स्पीड ८०’ असे छापलेले आढळते. ७८ चा पायंडा पक्का झाला तो पुढे, विसाच्या दशकात.

मग या तबकडीचा मूळ वेग कसा शोधायचा? साथीला ऑर्गन होता. गळा आजचा वर, उद्याचा खाली लागू शकतो; ऑर्गनच्या पट्ट्या कारखान्यात ठरतात. ७८ वर वाजवून ऑर्गनचे स्वर मोजले. आजच्या ४४० हर्ट्झच्या मानापेक्षा सगळे स्वर अर्धस्वराच्या जवळपास निम्म्याने चढे आले. याचा अर्थ तबकडी ७६ च्या सुमाराला मुद्रित झाली असावी आणि मी ती जलद वाजवत असेन. पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ४५२ हर्ट्झच्या आसपासचे चढे मानही रूढ होते. ऑर्गन त्या मानाचा असेल तर ७८ च बरोबर. ७८ भागिले ७६ म्हणजे १.०२६, ४५२ भागिले ४४० म्हणजे १.०२७. दोन्ही शक्यता एकमेकींवर तंतोतंत बसल्या. माझ्या यंत्राची अचूकता कितीही असली तरी तिचा इथे काही उपयोग नव्हता. निवाडा करायला दुसरा पुरावा हवा: त्याच बैठकीतली दुसरी तबकडी, किंवा तोच ऑर्गन.

आईपुढे मात्र प्रश्न वेगळा होता. मी वेगाची खुंटी तिच्या हातात दिली. आकडे दिसण्याइतकी तिची नजर नाही. पद सुरू ठेवून ती खुंटी अगदी सावकाश मागे आणत राहिली, पुढे नेली, पुन्हा मागे आणली आणि थांबली. “इथे.” आकडा ७४.६ होता.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांचा फोनो उघडला. साफ केला, तेल घातले, ‘स्लो-फास्ट’चा खटका होता तिथेच ठेवला. एक बिनकामाची तबकडी, तिच्यावर कागदाचा कपटा आणि हातात घड्याळ. पूर्ण चावी दिल्यावर पहिल्या मिनिटात ७५ फेरे मोजले, तिसऱ्या मिनिटात ७३. आईने ऐकलेले पद त्या नटाचे होते आणि त्या मॉडरेटरचेही.

आता माझ्याकडे त्या पदाच्या तीन प्रती आहेत: ७८, ७६ आणि ७४.६ फेऱ्यांच्या. तिन्ही स्थिर आहेत. प्रत्येकीच्या नावात वेग लिहिला आहे आणि ऑर्गनची मोजणी सोबत जोडली आहे. जुन्या तबकड्यांच्या प्रती करणाऱ्या रसिकांना माझी एवढीच विनंती आहे, की कोणत्या वेगाने वाजवली ते प्रतीवर लिहा. वेग नोंदलेला असेल तर चूक पुढचा कोणीही दुरुस्त करू शकतो. नोंदलेला नसेल, तर ऐकणारा त्या गायकाच्या पट्टीविषयी, लयीविषयी भलतेच समज करून घेईल आणि ते समज कुठून आले हेही त्याला कळणार नाही.

आई रोज संध्याकाळी तिची प्रत ऐकते. पहिल्या दिवशी पद संपत आले तशी ती खुर्चीत जरा पुढे सरकली. मिरजेच्या सोप्यावर शेवटच्या अर्ध्या मिनिटात आवाज बसू लागे आणि कोणीतरी ओरडे, “अरे, चावी दे!” मग मामा धावत जाई. इथे आवाज शेवटपर्यंत बसला नाही. तबकडी थांबल्यावर तिने विचारले, “चावी कोणी दिली?”